रक्ताचा सामू आणि शरीराचा निचरा

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तपासून आणलेला मातीचा अहवाल आणि अतिदक्षता विभागातून मिळालेला आईच्या रक्ताचा अहवाल, असे दोन कागद एकाच पिशवीत घालून एक शेतकरी मध्यंतरी माझ्या दवाखान्यात आले. वय चाळिशीच्या आत, जमीन प्रवरेच्या कालव्याखालची. दोन्ही कागद त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, ‘‘साहेब, मातीचा सामू आठ पॉइंट चार आलाय, म्हणून ऊस पिवळा पडतोय. आईच्या रक्ताचा सात पॉइंट बावीस लिहिलाय. मातीचा सात-सव्वासात असता तर मी पेढे वाटले असते. मग तिथले डॉक्टर एवढे का घाबरलेत?’’

वाचकहो, तीस वर्षांच्या व्यवसायात इतका नेमका प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला असेल. त्याचे उत्तर देताना मी त्यांना जे सांगितले, आणि जे सांगताना मला स्वतःकडेही पाहावे लागले, ते आज आपल्यासमोर मांडतो.

सामू म्हणजे एखादा द्रव किती आम्ल आहे आणि किती आम्लारी, हे सांगणारे माप. सात हा मध्य. त्याखाली आम्लता वाढत जाते, त्यावर आम्लारीपणा. माती याबाबतीत उदार असते. साडेसहापासून आठपर्यंत कुठेही सामू असला तरी बहुतेक पिके निभावून नेतात. रक्ताला एवढी मोकळीक नाही. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. शिवाय हे माप सरळ पायऱ्यांनी चढत-उतरत नाही. सामू ७.४ वरून ७.२२ वर आला, तर कागदावर तो फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात रक्तातील आम्लकारक हायड्रोजन आयनांचे प्रमाण दीडपट झालेले असते. आपल्या पेशींतील प्रथिने आणि विकरे ठरावीक सामूतच नीट काम करतात. तो ढळला की हृदयाचे आकुंचन दुबळे होते, रक्तातील पोटॅशियम वाढू लागते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो. डॉक्टर घाबरले होते ते यासाठी.

येथे एक गैरसमज आधीच बाजूला करू. ‘ॲसिडिटी’ म्हणून आपण ज्याची तक्रार करतो, ते पित्त, ती छातीतील जळजळ, हा जठरातील आम्लाचा प्रश्न आहे. जठरात तीव्र आम्ल असणे हे निसर्गाला मान्यच आहे. रक्तातील आम्लता ही पूर्णपणे वेगळी गोष्ट असून तिने छातीत जळजळत नाही. बहुतेक वेळा तिचा पत्ताच लागत नाही. म्हणून ‘शरीर आम्लधर्मी झाले आहे’ असे सांगून महागडी ‘अल्कलाइन’ पाण्याची यंत्रे विकणाऱ्यांपुढे हात जोडावेत. त्या पाण्याचा आम्लारीपणा जठरातील आम्लात क्षणात विरून जातो, आणि त्यातूनही काही रक्तात पोहोचलेच, तर सशक्त मूत्रपिंडे ते जास्तीचे म्हणून लघवीवाटे टाकून देतात. रोज चमचाभर खाण्याचा सोडा घेणाऱ्यांचेही तेच. फरक इतकाच, की सोड्याबरोबर सोडियम पोटात जाते आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ते बाधते.

रोजचे आम्ल येते कोठून?

मग रक्तात आम्ल येते कोठून? आपल्याच जेवणातून आणि जगण्यातून. प्रत्येक पेशी ऊर्जा तयार करताना कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. तो रक्तात विरघळला की आम्ल बनते. परंतु तो वायू असल्यामुळे फुफ्फुसे श्वासागणिक त्याला बाहेर घालवतात. आम्लाचा फार मोठा भाग असा उच्छ्वासावाटे निघून जातो. उरते ते असे आम्ल, ज्याचा वायू होत नाही. डाळी, दूध, अंडी, मांस, धान्ये यांतील प्रथिनांमध्ये गंधक असते. शरीरात त्याचे अखेर गंधकाम्ल होते. होय, बॅटरीत असते तेच. अर्थात अत्यंत विरल आणि जन्मताच निष्प्रभ केलेले. गंमत अशी, की जिभेला आंबट लागणारे लिंबू मात्र शरीरात गेल्यावर आम्लारी देऊन जाते, कारण त्यातील सायट्रेटचे पेशींमध्ये बायकार्बोनेट बनते. चवीवरून आम्लाचा अंदाज बांधू नये.

साठ किलो वजनाच्या माणसात हे न उडणारे आम्ल रोज साधारण पाच ग्रॅम खाण्याचा सोडा संपवील इतके तयार होते. हो, सोडाच; कारण रक्तात आम्लाला झेलणारा मुख्य पदार्थ बायकार्बोनेट हा आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरातील सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच. आम्ल जन्मले की रक्तातील बायकार्बोनेट त्याला झेलते आणि त्या झेलण्यात स्वतः खर्ची पडते. ही भरपाई झाली नाही, तर पेशीबाहेरील द्रवात असलेला त्याचा सगळा साठा आठवडाभरातच रिकामा होईल. भरपाई करणे फुफ्फुसांच्या हातात नाही. ते काम मूत्रपिंडांचे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या कडेशी असलेले हे दोन अवयव प्रत्येकी दहा-बारा सेंटिमीटर लांबीचे आणि सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचे. एवढ्याशा अवयवांना हृदय आपल्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा देते. मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त त्यांतून वाहते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुंता असतो आणि तीच त्याची गाळणी. तिच्यातून रक्तपेशी आणि प्रथिने मागे राहतात, पाणी व त्यात विरघळलेले सारे काही पलीकडच्या नळीत उतरते. दिवसभरात असा १८० लिटर द्रव गाळला जातो. दूध संकलन केंद्रावरचे चाळीस लिटरचे साडेचार कॅन भरतील इतका! आपल्याला लघवी होते ती दीड लिटरच्या आसपास. बाकीचा सगळा द्रव त्या नळ्यांनी परत रक्तात ओढून घेतलेला असतो.

म्हणजे गाळणे हा कामाचा सोपा भाग. खरी हुशारी आहे ती, काय परत घ्यायचे आणि काय जाऊ द्यायचे, या निवडीत. १८० लिटरबरोबर जे बायकार्बोनेट गाळले जाते, त्याचा हिशेब खाण्याच्या सोड्यात मांडला तर तो दिवसाला सुमारे ३६० ग्रॅम भरतो. किराणा दुकानातील छोट्या पुडीतले नव्हे, एक तृतीयांश किलोहून अधिक! निरोगी मूत्रपिंडे त्यातील जवळपास कणन्‌कण परत मिळवतात. ऐंशी टक्क्यांहून अधिक तर नळीच्या पहिल्याच टप्प्यात.

तरीही दिवसभरात खर्ची पडलेले पाच ग्रॅम नव्याने घडवायचे राहतातच. त्यासाठी नळीच्या पुढच्या भागातील पेशी हायड्रोजन आयन लघवीत ढकलतात आणि प्रत्येक आयनामागे एक नवे बायकार्बोनेट रक्ताकडे सोडतात. पण येथे अडचण येते. माणसाची लघवी साधारण ४.५ पेक्षा खाली आम्ल होऊ शकत नाही. त्या मर्यादेत राहून दिवसाचे आम्ल नुसते पाण्यात मिसळून टाकायचे ठरवले, तर गणिताने रोज सुमारे दोन हजार लिटर लघवी करावी लागेल. गच्चीवरच्या मोठ्या टाकीएवढी! मूत्रपिंडांनी यावर तोड काढली आहे. नळीच्या पेशी ग्लुटामाइन या अमिनो आम्लापासून अमोनिया तयार करतात. तो हायड्रोजन आयनाला धरून अमोनियम बनतो आणि लघवीवाटे निघून जातो. काही भार फॉस्फेट उचलते. दोन हजार लिटरचे काम दीड लिटरमध्ये होते ते असे. पिकाला अमोनियम सल्फेट घालणाऱ्या माझ्या शेतकरी मित्रांना हे सांगितले, की ते हसतात. पण आपल्या मूत्रपिंडात रोज जवळपास तेच तयार होत असते.

निचरा बुजतो तेव्हा

पिशवी घेऊन आलेल्या त्या गृहस्थांना मी हे सगळे त्यांच्याच जमिनीच्या भाषेत सांगितले. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा दुष्काळी मुलूख उसाचा झाला. परंतु पाणी आले तेथे सगळीकडे निचरा आला नाही. जास्त पाणी पिणाऱ्या काळ्या जमिनीत क्षार वर चढले. कितीतरी शेते खारवट झाली, चोपण झाली. वर माती तशीच दिसते, ऊसही काही वर्षे येत राहतो; मग एका हंगामात कळते की मुळे जळाली. मूत्रपिंडांचेही तसेच. वीस लाख नेफ्रॉन असल्यामुळे निम्मे गेले तरी उरलेले जादा काम करून वेळ मारून नेतात. माणूस चालतो-फिरतो, लघवी भरपूर होते. ‘लघवी साफ होते, म्हणजे किडनी ठीक’ हा समज म्हणूनच फसवा आहे. पाणी बाहेर पडत राहते. त्यातून आम्ल किती बाहेर पडले, हे डोळ्यांना दिसत नाही.

अमोनिया बनवण्याची क्षमता कमी झाली, की रक्तात आम्ल साठू लागते. शरीर मग इतरत्र हात घालते. हाडांतील क्षार विरघळवून आम्ल झेलले जाते आणि स्नायूंतील प्रथिने मोडली जातात. पतसंस्थेतील मुदतठेव मोडून घरखर्च भागवावा तसे हे आहे. माणूस बारीक होतो, पाय ओढत चालतो, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’

या गृहस्थांच्या आईंना मी बारा वर्षे ओळखतो. मधुमेहाच्या गोळ्या माझ्याच. दर दोन महिन्यांनी त्या यायच्या, मी साखर पाहायचो, रक्तदाब पाहायचो, गोळी कमी-जास्त करायचो. त्यांचे शेवटचे क्रिएटिनिन मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी, म्हणजे चार वर्षांपूर्वी झालेले होते. लघवीतील अल्ब्युमिन मी एकदाही तपासून घेतले नव्हते. गुडघे दुखतात म्हणून त्या आठवडे बाजाराच्या दिवशी वेदनाशामक गोळ्यांचे पाकीट घेऊन जातात, हे मला ठाऊक नव्हते; कारण मी विचारले नव्हते. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना दोन दिवस उलट्या-जुलाब झाले. त्या दुखऱ्या अंगाने गोळ्या घेतच राहिल्या. पुढे ‘दम लागतो’ म्हणून एके ठिकाणी त्यांना दम्याची वाफ देण्यात आली, पण उतार पडला नाही.

माझ्याकडे आणले तेव्हा त्या खाटेवर निजूनच होत्या, आणि श्वास मात्र मैलभर पळून आल्यासारखा. खोल, एकसारखा, न थांबणारा. ‘‘मावशी, छातीत घरघर होते का?’’ म्हटले, तर त्यांनी मान हलवली. छाती स्वच्छ होती. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९८ टक्के. फुफ्फुसांत काहीच बिघडलेले नव्हते. रक्तातील आम्ल कमी करण्यासाठी ती बिचारी जास्तीत जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत होती. मूत्रपिंडांचे काम आपल्या अंगावर घेऊन. रुग्णालयातील अहवालात क्रिएटिनिन ८.१ आणि बायकार्बोनेट ९ आले. ते २२ ते २६ असावे लागते.

आपल्या घरात मधुमेही, रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, आणि तो असा विसाव्यात असतानाही खोल श्वास घेऊ लागला, सोबत उलट्या, सुस्ती किंवा असंबद्ध बोलणे असेल, तर सकाळची वाट पाहू नये. मधुमेहात रक्तातील कीटोन वाढले तरी श्वास असाच होतो.

वेदनाशामक गोळीने एवढे होते का, असे आपण विचाराल. एरवी धडधाकट माणसाने एखादी गोळी घेतली तर सहसा नाही. पण शरीरातील पाणी घटते, तेव्हा नेफ्रॉनच्या गाळणीकडे जाणारी वाट उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये झटत असतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या नेमकी तीच द्रव्ये रोखतात. जुलाब, ऊन, उपवास आणि वर ही गोळी. गाळणीला रक्तच पोहोचत नाही. त्यातून रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. म्हणून उलट्या-जुलाब सुरू झाल्यावर आपल्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी फोन करावा आणि नेहमीच्या गोळ्यांपैकी कोणत्या दोन-तीन दिवस थांबवायच्या, हे विचारावे. मेटफॉर्मिनबद्दल अवश्य विचारावे. मूत्रपिंडे बंद पडत असताना ती गोळी साठून राहिली तर रक्तातील आम्लता वाढवण्यास हातभार लावू शकते. आपल्या मनाने मात्र काही बंद करू नये.

जुलाबात मूत्रपिंडांवर दुहेरी भार येतो, कारण आतड्यांतून पाण्याबरोबर बायकार्बोनेटही वाहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची जलसंजीवनी घ्या, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. तिच्या पुडीवर पाहा. मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड यांच्यासोबत लिटरला २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. लिंबाच्या बाबतीत जे सांगितले तेच येथे; त्या सायट्रेटचे शरीरात बायकार्बोनेट होते. घरचे मीठ-साखरेचे पाणी हाताशी दुसरे काही नसताना उत्तमच, पण त्यात हा घटक नसतो.

आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. पाथर्डी-शेवगाव भागातून दर दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. पहाटेच्या अंधारात कोयता सुरू होतो तो उन्हे चढेपर्यंत. पाणी लांब, आडोसा नाही, म्हणून बायका मुद्दाम कमी पाणी पितात. कंबर धरली की गोळी. तिकडे मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत गेल्या काही दशकांत हजारो ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांतील बहुतेक तरुण, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. उन्हातील कष्ट आणि पुन्हा पुन्हा होणारी पाण्याची तूट हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. तेथील काही मळ्यांत पाणी, विश्रांती आणि सावली यांची सक्तीची व्यवस्था सुरू झाली. आपल्याकडच्या मुकादमांनी आणि कारखान्यांनी फडात पाण्याची टाकी, सावलीचे छप्पर आणि बायकांसाठी शौचालय द्यावे, एवढी मागणी मी डॉक्टर म्हणून करू शकतो. तोडणीला जाणाऱ्या माझ्या रुग्णांना मी दुखण्यासाठी पॅरासिटामॉल लिहून देतो आणि दुसरी गोळी घेणार नाही, असे कबूल करून घेतो.

कोणत्या तपासण्या मागाव्यात

मधुमेह, उच्च रक्तदाब, कुटुंबात मूत्रपिंडाचा आजार, वारंवार मुतखडा किंवा वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या, यांपैकी एक जरी लागू असेल, तरी वर्षातून एकदा दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, रक्तातील क्रिएटिनिन. पण तेवढ्या आकड्यावर समाधान मानू नका. वय आणि लिंग धरून काढलेला गाळणीचा वेग, म्हणजे ई-जीएफआर, अहवालात लिहिलेला आहे का, ते पाहा. साठ वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.४ आले तर ‘थोडेसेच वाढले आहे’ असे वाटते. तिचा गाळणीचा वेग मात्र चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या निम्म्याहून कमी असतो. हा वेग तीन महिने साठच्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंड विकार समजावा. दुसरी तपासणी लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तराची. ते ३० च्या आत असावे. गाळणीला भोके पडू लागल्याची पहिली खूण बहुधा येथेच दिसते, क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी. आणि याच टप्प्यावर औषधांनी झीज मंदावता येते. वेग साठच्या खाली गेलेल्यांनी तिसरी तपासणी, रक्तातील बायकार्बोनेट, आवर्जून सांगून करून घ्यावी. ‘किडनी प्रोफाइल’ नावाच्या अनेक संचांत ती नसते. ती कमी निघाली, तर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या दिल्या जातात. म्हणजे वर ज्या सोड्याला मी नावे ठेवली तोच येथे औषध ठरतो. पण मोजून, सूज आणि रक्तदाब पाहून, डॉक्टरांनी दिलेला. अशा रुग्णांनी फळे-भाज्या किती खाव्यात, हेही विचारूनच ठरवावे, कारण त्यांतील पोटॅशियम त्यांना झेपेलच असे नाही.

त्या मावशी वाचल्या. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालते, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. यंत्राखाली दोन पांढरे कॅन ठेवलेले असतात, त्यांतील एकात बायकार्बोनेटचे द्रावण असते; जे मूत्रपिंडांनी करायचे ते तेथून रक्तात भरले जाते. दोनदा मिळून आठ तास. आपली मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास राबतात, त्यामुळे मधल्या दिवसांत आम्ल पुन्हा साठतेच आणि पथ्याचे, पाण्याचे बंधन सुटत नाही.

माझ्या दवाखान्यातील प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या कागदावर आता वर एका कोपऱ्यात लघवीच्या अल्ब्युमिनची तारीख लिहिलेली असते. चिरंजीवांचीही तपासणी मी त्याच आठवड्यात करून घेतली. साखर काठावर, गुणोत्तर ४६. तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचे ठरले आहे. शेतात चर खोदण्याचे कामही त्यांनी हाती घेतले आहे, असे परवा सांगत होते.